आधी पान मांडले जाते

प्रश्न : आमची मुलगी दहा वर्षांची आहे. ती चार वर्षांची असताना आम्ही तिला दत्तक घेतले आणि हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. गेले वर्षभर तिला जादूच्या गोष्टींचे वेड लागले आहे. त्यातही एकट्या पडलेल्या मुलाला विचित्र प्राण्यांच्या किंवा चेटकिणींच्या घरी आसरा मिळतो, अशा गोष्टी ती पुन्हा पुन्हा वाचते. सासूबाईंना भीती वाटते की, आपले खरे घर दुसरीकडेच आहे, असे तिच्या मनात बसेल. मलाही या गोष्टी कधीकधी फार गोडगोड वाटतात. तिला त्या वाचू द्याव्यात का, आणि द्यायच्या तर कोणत्या?
— एक वाचक, मिरज

उत्तर : अवश्य वाचू द्याव्यात. गोडपणाबद्दलची आपली शंका मात्र रास्त आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो. या प्रकारच्या अनेक गोष्टींत परक्या मुलाला घरात घेतले जाते खरे, पण सगळे त्याला मनापासून आपले म्हणतात ते त्याने आपल्या जादूने गावावरचे संकट टाळल्यानंतर. शेवट आनंदाचा असतो, डोळ्यांत पाणीही येते. तरीही मला अशी गोष्ट दत्तक मुलाच्या हाती देताना संकोच वाटतो, कारण तिच्यातून मुलाला नकळत एवढेच कळते की घरात जागा हवी असेल तर आधी उपयोगी पडून दाखवावे लागते. म्हणून पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट पाहतो : त्या मुलाचे पान केव्हा मांडले गेले, त्याने काही करून दाखवण्याआधी की नंतर?

या कसोटीला पूर्णपणे उतरणारी एक कथा मला अतिशय प्रिय आहे. टूव्हे यान्सन या फिनलंडमधील लेखिकेने स्वीडिश भाषेत मूमिन नावाच्या गुबगुबीत, पांढऱ्याशुभ्र प्राण्यांच्या कुटुंबाची पुस्तके लिहिली. त्यांपैकी पहिले 1945 साली आले. मी ज्या कथेविषयी सांगतो आहे, ती 1962 च्या संग्रहात आहे. निन्नी नावाची एक मुलगी ज्या बाईकडे वाढत होती तिला ती मुळीच आवडत नसे, आणि ती बाई ओरडत नसे की मारत नसे, फक्त दिवसभर थंडपणे टोचून बोलत असे. त्या बोलण्याने निन्नी हळूहळू फिकट होत गेली आणि शेवटी दिसेनाशीच झाली. पावसाळी संध्याकाळी मूमिन कुटुंब टेबलाभोवती बसून अळिंबी साफ करत असताना तिला तिथे आणले जाते, तेव्हा ती आहे हे कळते ते केवळ तिच्या गळ्यातल्या छोट्या घंटीमुळे.

यानंतर मूमिनआई जे करते ते सारे अगदी घरगुती आहे. ती तिच्यासाठी अंथरूण घालते, उशाशी खाऊ ठेवते आणि आपल्या आजीच्या वहीतला घरगुती औषधाचा उतारा शोधून काढते. ती निन्नीला तिची कहाणी विचारत नाही आणि प्रेमाची भाषाही बोलत नाही. सकाळी जिन्यावरून घंटी वाजत येते, आणि पायऱ्या उतरणारी दोन छोटी पावले सगळ्यांना दिसतात. पुढे मूमिनआई आपल्या गुलाबी शालीचा तिला झगा शिवून देते. एके दिवशी तिच्या हातून बरणी फुटते, आणि नुकती दिसू लागलेली पावले भीतीने पुन्हा पुसट होऊ लागतात. मूमिनआई मात्र फुटलेल्या बरणीचे काहीच वाटून घेत नाही. मुलीसोबत वाचताना या प्रसंगापाशी घाई करू नये. दत्तक आलेल्या कितीतरी मुलांच्या मनात अशी एक बरणी असते, जी फुटली तर काय होईल याची त्यांना धास्ती असते.

चेहरा मात्र बरेच दिवस परत येत नाही. तो येतो, ते मूमिनबाबा थट्टेने मूमिनआईला धक्क्यावरून समुद्रात ढकलणार आहेत असे वाटून निन्नी रागाने त्यांच्या शेपटीला कडकडून चावते तेव्हा. या कथेचे मोठेपण मला इथे वाटते, कारण शहाण्यासारखे वागल्याचे बक्षीस म्हणून तिला चेहरा मिळत नाही, तर ज्या घरात रागावता येते आणि रागावल्यावरही आपली जागा जात नाही, त्या घरात तो तिला सापडतो. आपली मुलगी कधी दार आपटत असेल, तर हा प्रसंग आठवावा असे मी आग्रहाने म्हणेन.

यान्सन यांना हे कुठून सुचले, याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मूमिनांची पहिली गोष्ट त्यांनी महायुद्धाच्या काळात लिहायला घेतली, आणि तिच्यात हरवलेल्या बाबांना आणि राहायला जागा शोधत निघालेली आई व मुलगा वाटेत भेटणाऱ्यांना सोबत घेत जातात. निन्नीला घेऊन येणारी टू-टिकी ही त्यांच्या जोडीदारीण, चित्रकार टूलिक्की पिएतिला यांच्यावरून घडवलेली आहे. दोन स्त्रियांमधील शरीरसंबंध हा फिनलंडच्या कायद्याने 1971 पर्यंत गुन्हा होता. आपल्या नात्याला बाहेर जागा नसताना त्यांनी असे घर कागदावर उभे केले, जिथे येणाऱ्याला नाते विचारत नाहीत, फक्त आणखी एक खाट मांडतात.

खऱ्या घराच्या भीतीविषयी सांगायचे, तर आपल्या मुलीला सुरुवात दुसरीकडे झाल्याचे ठाऊकच आहे. पुस्तक तो विचार तिच्या मनात नव्याने घालत नाही. उलट स्वतःविषयी जे विचारायला जड जाते, ते निन्नीविषयी विचारायला सोपे जाते. म्हणून वाचून झाल्यावर, तुला काय वाटले, असे लगेच विचारू नये. ती बोलली तर बोलू द्यावे. मूमिनांच्याच 1948 च्या पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. जादूच्या टोपीमुळे मूमिनबाळाचे रूप इतके बदलते की मित्रही त्याला ओळखत नाहीत, पण आई त्याच्या डोळ्यांत निरखून पाहते आणि तूच माझा, असे सांगते. हा प्रसंग मुलीपेक्षाही आपल्यासाठी आहे असे मला वाटते. इंग्रजी अनुवाद मिळतात. आपण वाचून तिला मराठीत सांगितले तरी उत्तम.

सासूबाईंचे मन वळवण्यासाठी मात्र फिनलंडला जाण्याची गरज नाही. आई गेली, बाप गेला, आता विठ्ठला तूच सांभाळ, असे आळवणारी जनी नामदेवांच्या घरी वाढली आणि तिच्या अभंगांत जनी झाडलोट करते तेव्हा केर भरायला साक्षात चक्रपाणी येतो. पहाटे घाईत निघताना तो आपला शेला विसरून जनीची वाकळच पांघरून गेला, ही आख्यायिका सासूबाईंना नक्कीच माहीत असेल. एखाद्या रात्री त्यांनाच ती नातीला सांगायला बसवा, आणि वाकळ पांघरलेला विठोबा देवळात कसा दिसला असेल, हे तिला विचारायला सांगा.