पहिला सोलो अल्बम काढतोयस, तर…

बँड सोडून स्वतःच्या नावावर रॉक अल्बम करतोयस, फार बरं वाटलं. एक ऐक, रेकॉर्डिंग पावसाळ्यात धरू नकोस. रत्नागिरी काय नि मालवण काय, पत्र्यावरचा पाऊस प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि लाईटचा भरवसा नसतो. दमट हवेने अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) उचलल्या जातात, सूर हलतो. खारा वारा तारा गंजवतो तो वेगळाच. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसायच्या, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या.

ड्रम्स घरी नकोतच. चिऱ्याच्या भिंतींवर कितीही गोधड्या टांग, खोली घुमतेच. त्यासाठी कोल्हापूर-पुण्याकडचा चांगला स्टुडिओ घे. गिटार, बास, आवाज घरी 24 बिटवर (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली दर्जाची सेटिंग) निवांत कर.

खरी कसोटी गाणी गाळण्यात आहे. बँडमध्ये कुणीतरी ‘हे नको’ म्हणायचं, आता ते तुलाच म्हणायचंय. आवडतं गाणंही अल्बममध्ये बसत नसेल तर बाजूला ठेव.

मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम तयार फाइल, आला की लगेच अपलोड करू नकोस. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं रिलीजच्या किमान 7 दिवस आधी पोचावं लागतं. मी तर म्हणेन महिनाभर आधीच पाठव. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घे. ड्रमर जिवाभावाचा असला तरी त्याचा वाटा कागदावर लिहून सही घे. आणि तारीख गणपतीत नको, तेव्हा आपल्याकडे घरोघरी आरत्या नि भजनंच चालतात. दिवाळीनंतर काढ.