जॉर्जियन चहापेटीचं विनियर सुटलंय? पांढरा डिंक भरण्याआधी थांबा

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडातल्या एका लिलावात महोगनीची दोन कप्प्यांची चहाची पेटी घेतली, साधारण 1800 च्या आसपासची. झाकणाच्या मागच्या कडेला विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ थर, उचललंय, आतला पत्रा काळा पडलाय, किल्ली नाही, सोबत चांदीचा छोटा चमचा मिळालाय. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं की सिरिंजने सुतारकामाचा पांढरा डिंक भरा, क्लॅम्प लावा, वरून पॉलिश पेपर मारा, आणि डिसेंबरात पुण्याला आईला भेट द्या. यातला डिंक आणि पॉलिश पेपर, दोन्ही कृपा करून करू नका. बाकीचं सावकाश बघू.

हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्या पेटीचं नेमकं हेच झालं. दुरुस्तीवाल्याचं नाव घेत नाही. त्याने तीन ठिकाणी पांढरा डिंक भरला, कडा समतल दिसाव्यात म्हणून घासल्या आणि चकचकीत करून परत दिली. पुढच्या हिवाळ्यात त्याच तीन जागांच्या शेजारी नव्या भेगा पडल्या. मग ज्या जाणकाराकडे नेली त्याला तेवढं विनियर कापूनच काढावं लागलं. मूळ बिघाडापेक्षा दुरुस्तीची दुरुस्ती कितीतरी महाग पडली. (मी व्यावसायिक कारागीर नाही. पेटी फार मौल्यवान असेल, कासवाच्या पाठीची किंवा सफरचंद-नासपतीच्या आकाराची असेल, तर खालचं काहीही घरी करू नका.)

आता कारण. पेटीचा सांगाडा एका लाकडाचा, वरचं विनियर दुसऱ्या लाकडाचं, आणि बऱ्याचदा दोघांच्या रेषा एकमेकींना आडव्या. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. इंग्लंडातल्या घरात हिवाळ्यात हीटर लागला की आर्द्रता सहज 30 टक्क्यांवर येते, मूळचा सरस (जुना प्राणिज डिंक) ठिसूळ होतो आणि कड सुटते. सुटते म्हणजे एका अर्थी पेटी वाचते, कारण सरस तुटतो, लाकूड तुटत नाही. पांढरा पीव्हीए डिंक, म्हणजे आपला फेव्हिकॉल जातीचा, नव्या फर्निचरला उत्तम आहे. पण तो सरसाने माखलेल्या जुन्या लाकडात मुरत नाही, वाळल्यावर कोमट पाण्याने सुटत नाही आणि एकदा भरला की त्या जागी पुन्हा सरसही धरत नाही. वर सांडला तर तिथे लाकूड रंग पीत नाही, कायमचा फिकट डाग राहतो. इपॉक्सी आणि झटपट चिकटणाऱ्या डिंकाबद्दल तर बोलायलाच नको.

वापरायचा तो सरस. आपल्याकडचे जुने सुतार वापरायचे तोच, जनावराच्या कातडी-हाडांचा. घरात कुणाला चालत नसेल तर आधीच विचारून ठेवा, आणि स्वयंपाकघरात तापवू नका, वास दोन दिवस जात नाही. शाकाहारी पर्यायांवर लोक हिरीरीने लिहितात. माझ्या मते विनियरसाठी त्यातला एकही बरोबरीचा नाही. पहिल्यांदाच करत असाल तर माशाचा सरस घ्या. तो बाटलीत पातळच असतो, तापवावा लागत नाही, काम करायला भरपूर वेळ देतो आणि पुढे पाण्याने सुटतो.

दाणेदार सरस असेल तर वजनाने एक भाग सरस, दोन भाग थंड पाणी. तुमच्या कामाला 10 ग्रॅम दाणे आणि 20 मिली पाणी पुष्कळ झालं. रात्रभर भिजू द्या. सकाळी वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 60 अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर वापरा, अंदाज नको. 70 च्या वर गेला की त्याची ताकद जाते, आणि उकळला तर सरळ फेकून द्या. चमच्यातून सलग धार पडली पाहिजे, पातळ मधासारखी. थेंब थेंब पडत असेल तर चमचाभर गरम पाणी घाला. रोज तापव-थंड करत आठवडाभर पुरवू नका.

काम सुरू करण्याआधी पेटी दोन-तीन आठवडे खोलीत नुसती राहू द्या, हीटरपासून लांब, आर्द्रता 45 ते 55 टक्के असेल अशा जागी. कुरिअरमधून आल्या आल्या चिकटवलेली कड महिन्यात उघडते. मग नखाने हलके टकटक करत सगळी पेटी तपासा. पोकळ आवाज येईल तिथे विनियर सुटलंय. खुणेला चिकटपट्टी लावू नका, काढताना पॉलिशचा पापुद्रा घेऊन निघते. कागदावर पेटीचं चित्र काढून त्यावर खुणा करा.

उचललेल्या कडेखालची धूळ पातळ, लवचिक पात्याने अलगद बाहेर काढा. जुना सरस खरवडत बसू नका, तो नव्या सरसात विरघळतो. जाड सुईच्या 2 मिलीच्या सिरिंजने आधी थोडं गरम पाणी आत सोडा, ते फडक्याने दाबून बाहेर काढा आणि लगेच सरस भरा. सिरिंजही गरम पाण्यात ठेवून गरम केलेली हवी, नाहीतर सरस सुईतच गोठतो. खोली निदान 25 अंश असू द्या. थंड गॅरेजमध्ये सरस लागण्याआधीच जेलीसारखा होतो, आणि मग लोक म्हणतात सरसच वाईट होता.

पाणी वर सांडू देऊ नका. चपडीच्या (लाखेच्या) पॉलिशवर पाणी आणि उष्णता एकत्र आली की पांढरा ढग उमटतो. म्हणूनच इस्त्री फिरवण्याचा सल्ला मला पटत नाही. व्हिडिओत सोपं दिसतं, पण पॉलिश मऊ पडून इस्त्रीखालच्या कागदाला चिकटतं.

दाबून जादा सरस बाहेर काढा, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. वर बटर पेपर, त्यावर बुचाचा किंवा नमद्याचा तुकडा, त्यावर सपाट लाकडी ठोकळा आणि मग क्लॅम्प. झाकण आतून पोकळ आहे, त्यामुळे आतल्या बाजूनेही बरोबर मापाचा ठोकळा लागतो, नाहीतर क्लॅम्पने झाकणच खचेल. दाब इतकाच की कडेला सरसाची बारीक रेघ दिसावी. गोलाईदार भाग असेल तर ठोकळ्याऐवजी कोमट वाळूची पिशवी ठेवा, ती आकार घेते. 24 तास हात लावू नका. फिकट लाकडाच्या बारीक पट्ट्या निघाल्या असतील तर पाकिटात जपून ठेवा, भले तुकडे असोत; त्याच रंगाची नवी पट्टी मिळवणं फार जिकिरीचं.

पॉलिश पेपरचा मुद्दा. त्या काळचं विनियर करवतीने कापलेलं, मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडं जाड. आज यंत्राने सोललेलं त्याच्या निम्म्याजवळ असतं. जाड आहे म्हणून घासायला हरकत नाही असं वाटतं, पण दोनशे वर्षांत आलेला रंग फक्त वरच्या पापुद्र्यात असतो. तो गेला की खाली नव्या लाकडासारखं लालसर दिसतं आणि खरेदीदाराला ते पहिल्या नजरेत कळतं. मळ काढायला कापसाच्या बोळ्यावर थुंकी. हसू नका, संग्रहालयांतले लोक हेच करतात, लाळेतली विकरं चिकट मळ सोडवतात. स्पिरिट मात्र लांब ठेवा. कुठलं पॉलिश आहे हे बघायचंच असेल तर झाकणाच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याचं एकच टोक लावा; चिकट झालं तर चपडी. शेवटी मेणाचा अगदी पातळ हात.

आतला काळा पत्रा काढून मखमल लावायचा विचार असेल तर तोही सोडा. तो शिसं-कथिलाचा पातळ पत्रा आहे, चहाचा वास टिकावा म्हणून लावलेला. पेटी चहाचीच होती, मागाहून दागिन्यांच्या डब्याची बनवलेली नाही, याचा तोच पुरावा. पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाची. फुंकू नका, घासू नका, ओल्या बोळ्याने टिपा आणि हात धुवा. बंद पेटीत लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते, आणि पीव्हीए डिंकातूनही तीच निघते, म्हणजे त्या डिंकाचा आणखी एक गुण. आणि हो, या पेटीत प्यायचा चहा ठेवू नका.

दोन कप्पे काळ्या आणि हिरव्या चहासाठी. कुलूप कशाला, तर 1784 पर्यंत इंग्लंडात चहावरचा कर 119 टक्क्यांपर्यंत पोचला होता. त्या वर्षी तो साडेबारा टक्के केला, पण कुलपाची रीत राहिली. किल्ली मालकिणीच्या कमरेला असायची.

आता चमचा, म्हणजे पेटीतून चहाची पत्ती काढायचा. 'ईपीएनएस' अशी अक्षरं असतील तर तो विजेने मुलामा दिलेला, म्हणजे 1840 नंतरचा. त्या खुणा चांदीच्या नाहीत. खऱ्या चांदीवर चालणारा सिंह, शहराचं चिन्ह (बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबळ्याचं तोंड), वर्षाचं अक्षर, कारागिराची अक्षरं आणि 1784 ते 1890 या काळात राजा किंवा राणीचं डोकं, हा कर भरल्याचा शिक्का. वर्षाचं अक्षर प्रत्येक शहराचं वेगळं चालतं, तेव्हा आधी शहर ओळखा, मग तक्ता उघडा. घोटाळा होतो तो साध्या चहाच्या चमच्याची दांडी कापून, वाटी ठोकून बनवलेल्या नकली चमच्यांत. शिक्के ताणलेले, चेपलेले किंवा भलत्याच जागी दिसले की संशय घ्या. जॉकीच्या टोपीच्या आकाराचा चमचा स्वस्तात मिळाला असेल तर दुप्पट संशय घ्या.

घासायला रांगोळी, टूथपेस्ट, चिंच नको. देवाची भांडी सोसतात, याच्यावरचं नक्षीकाम सोसत नाही. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची युक्ती तर कोरीव रेघांतला मुद्दाम राखलेला काळेपणाही नेते. मऊ सुती फडकं, बारीक खडूची पूड, थोडं पाणी. ठेवताना रबर बँड लावू नका, त्याच्या गंधकाने काळी पट्टी उमटते.

आणि पुणे. तुमच्या फोटोत किल्लीच्या भोकाभोवती पांढरं चौकटीसारखं काहीतरी दिसतंय. ते हाड असेल तर प्रश्न नाही. हाडात बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा. हस्तिदंत निघाला तर पेटी बॅगेत घालून विमानात बसू नका, सायटीसचे (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) परवाने नसतील तर ती जप्त होते आणि वर खटल्याची धास्ती. ब्रिटनमध्येही 2022 पासून हस्तिदंत असलेली वस्तू विकायची तर नोंदणी लागते. 1947 पूर्वीची आणि हस्तिदंत 10 टक्क्यांहून कमी असलेली चालते. घरात ठेवायला काही लागत नाही. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू भारतात आली की परत बाहेर न्यायला 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. कायद्याचं मी वकिलाला विचारा असंच म्हणेन, पण आईंना भेट म्हणून चमचा न्या, पेटी तिकडेच राहू द्या. पुण्याच्या पावसाळ्यात ती कड पुन्हा उघडेल ते वेगळंच.

कुलूप बंद नाही हे नशीब. किल्ली बनवून घेताना कुलूप पेटीतून काढायची वेळ आली तर स्क्रू त्याच क्रमाने कागदावर टोचून ठेवा, जुने स्क्रू हाताने घडवलेले असतात आणि एकाचा दुसऱ्या भोकात बसत नाही. सरस लावण्याआधी झाकणाच्या मागच्या कडेचा आणि त्या पांढऱ्या चौकटीचा फोटो टाका, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शक्य तितका जवळून.