शंखावरचे गोल छिद्र

प्रश्न : सुटीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माझ्या मुलीने शर्टाच्या बटणाएवढे चपटे, चकचकीत शंख गोळा केले. प्रत्येकाची नक्षी निराळी आहे. ही मोठ्या शंखांची पिल्ले आहेत का? काहींवर नेमके गोल छिद्र आहे, ते कशाने पडले असावे? छायाचित्रे सोबत जोडली आहेत. — एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : छायाचित्रांवरून हे शंख ‘उम्बोनियम वेस्टियारियम’ या सागरी गोगलगाईचे दिसतात. कार्ल लिनीयस यांनी १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. ही पिल्ले नव्हेत. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा शंखही जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर रुंद असतो. शंख उलटा केल्यास तळाच्या मध्यभागी गुळगुळीत, जाडसर चकती दिसेल, आणि ओळख पटवण्यासाठी रंगापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे. राखाडी, गुलाबी, तपकिरी, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे असे सारे शंख एकाच जातीचे असू शकतात, म्हणून मुलीने रंगावरून त्यांच्या वेगवेगळ्या जाती ठरवू नयेत.

या गोगलगाईच्या कुळातील बहुतेक प्राणी खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात. ही मात्र भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळूच्या वरच्या थरात स्वतःला पुरून घेते, पाणी आत ओढते आणि त्यातील सूक्ष्म अन्नकण कल्ल्यांनी गाळून त्यांवर जगते. अनुकूल पुळणीवर ती प्रचंड संख्येने असते, त्यामुळेच तिचे शंख ओंजळीने मिळतात.

छिद्राचे कारण बहुधा दुसरी गोगलगाय आहे. नॅटिसिडी कुळातील मांसाहारी गोगलगाई वाळूखालूनच सरकत येतात, रुंद पायाने भक्ष्याला वेढतात आणि एका ग्रंथीतून पाझरणाऱ्या आम्लयुक्त स्रावाने कवच मऊ करत, दातेरी जिभेने ते थोडे थोडे खरवडत राहतात. हे काम कित्येक तास चालते. भोक आरपार गेले की सोंड आत घालून मांस खाल्ले जाते. एवढ्या मऊ शरीराच्या प्राण्याने इतके रेखीव भोक पाडावे, हे मला आजही विलक्षण वाटते. आपल्या शंखांवर मुलीला ते स्वतः पडताळता येईल : भिंगातून पाहिल्यावर छिद्राची बाहेरची कड रुंद आणि आत उतरती दिसली, तर ते या शिकाऱ्याचे काम समजावे. कड उभी, सरळ असेल तर म्युरिसिडी कुळातील गोगलगाईचा संशय घ्यावा. लाटांनी घासून पडलेली भोके सहसा वेडीवाकडी असतात. छिद्र अर्धवटच राहिलेला एखादा शंख सापडला, तर तो जपून ठेवावा, कारण तिथे शिकार अपुरी राहिलेली असते.

खात्री करून घ्यायची असल्यास भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीत आहे. तेथे चौकशी करता येईल. पुढच्या वेळी शंख उचलताना त्याच्या तोंडाशी गोल, पातळ झाकण घट्ट बसलेले आहे का, किंवा आत इवलासा शंखवासी खेकडा आहे का, हे आधी पाहावे आणि तसे असल्यास तो ओल्या वाळूत परत ठेवावा.