कुंडीतल्या लिंबाची फळं धरतात आणि गळतात. हार्मोनची फवारणी करू का?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला सातव्या मजल्यावर, ग्रिलमध्ये कागदी लिंबाचं कलम आहे. फुलं भरपूर येतात, मोहरीएवढी फळं धरतात आणि आठवड्यात गळून पडतात. दुकानातून एनएए या कृत्रिम हार्मोनची साडेचार टक्क्यांची बाटली आणली आहे, ती मारू का?

आत्ता नको. बाटली बाजूला ठेवा, आधी झाडाकडे बघा.

हे कळकळीने सांगतोय, कारण भांडुपच्या घरी मी हीच चूक केली होती. अर्धा लिटर पाण्यात अंदाजे एक टोपण, म्हणजे पाच मिली औषध टाकलं. होती नव्हती ती सगळी फळं चार-पाच दिवसांत खाली. नंतर हिशेब केला तर ते द्रावण 450 पीपीएमचं, म्हणजे लिटरमागे 450 मिलिग्रॅमचं निघालं. संत्र्याच्या बागेत फळांची दाटी जास्त झाली की विरळणीसाठी, म्हणजे जादा फळं पाडायला एनएए साधारण एवढंच तीव्र वापरतात! फळ टिकवायला 10 पीपीएम पुरतं, म्हणजे साडेचार लिटर पाण्याला एक मिली. टोपणाने नाही, केमिस्टकडच्या सिरिंजने मोजायचं.

आता फळ गळतं का? वाढत्या फळाकडून देठात ऑक्झिन नावाचं संप्रेरक (एनएए हे त्याचंच कृत्रिम रूप) उतरत असतं, तोवर देठाचा जोड घट्ट राहतो. झाडाकडे साखर कमी पडली की अशक्त फळाकडून येणारा ऑक्झिनचा ओघ आटतो आणि जोड सुटतो. फवारणीने जोड काही दिवस धरून ठेवता येतो, पण फळाला लागणारी साखर बाटलीतून येत नाही, ती पानांनीच उन्हात करायची असते. शिवाय लिंबूवर्गात बहुतेक फुलं गळतातच, शंभरातली चार-पाच टिकली तरी पुष्कळ.

दुसरं हार्मोन जिब्रेलिक आम्ल. त्याचा खरा उपयोग क्लेमेंटाइन या छोट्या संत्र्यासारख्या, स्वतःच्या परागाने बी न धरणाऱ्या जातींना होतो. स्पेनमध्ये त्यासाठीच ते फवारतात. कागदी लिंबात बिया असतात आणि त्या स्वतःच हे संप्रेरक बनवतात. आमच्याकडे विदर्भात वरुडला संत्र्याची फळगळ थांबवायला शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिब्रेलिक आणि एक किलो युरिया मारतात. पावडर नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. मात्र फुलकळी तयार होण्याच्या काळात ते मारलं तर फुलंच कमी येतात.

फळगळीवरचं तिसरं औषध टू-फोर-डी, ते तर गॅलरीत आणूच नका. बागेत ते अगदी सौम्य करून वापरतात, पण मुळात ते तणनाशक आहे. गावी त्याचे तुषार शेजारच्या कपाशीवर गेले की पानं आकसून वाकडी होतात. तुमच्या मिरचीचं आणि खालच्या मजल्यावरच्या टोमॅटोचं तेच होईल.

तुमच्या झाडाला ऊन किती तास मिळतं? सहा तासांपेक्षा कमी असेल तर कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला सरकवा. मला जास्त संशय पाण्याचा आहे. एप्रिलच्या उन्हात आणि वाऱ्यात कुंडी दुपारपर्यंत कोरडी होते, संध्याकाळी आपण भरभरून ओततो, आणि या हेलकाव्यात फळं सुटतात. बहार आणायला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, ते फुलांच्या आधी. फुलं लागल्यावर माती एकसारखी ओलसर हवी. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर जस्त कमी आहे, ते द्या.

एवढं करूनही पुढच्या बहाराला वाटाण्याएवढी फळं गळली, तरच एनएए, 10 पीपीएम, संध्याकाळी, एकदाच. त्याआधी तुळस आत घ्या.