गोळी नको, मग एडीएचडीचं काय करायचं?

प्रश्न : ताई, मुलगा ९ वर्षांचा आहे, डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सांगून औषध सुचवलंय, पण सासूबाई म्हणतात ब्राह्मी दे, साखर बंद कर, होईल शांत. घरगुती उपायांनी भागेल का?

उत्तर : अगं, साखरेमुळे एडीएचडी होत नाही, त्यावरून घरात वाद नको. आधी झोप बघ, या वयात ९ ते १२ तास लागते, आणि झोपायच्या तासभर आधी मोबाईल बंद म्हणजे बंद, मोठ्यांचाही. रोज तासभर घाम येईपर्यंत खेळू दे, खोखो, सायकल काहीही, मग अभ्यासाला बसव पण १०-१५ मिनिटांचे तुकडे करून, आणि सूचना एकावेळी एकच, "दप्तर भर" एवढीच, केलं की तिथल्या तिथे शाबासकी. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा फायदा झालाच तर थोडा. ब्राह्मीचा पुरावा अजून तोकडा आहे, शिवाय काही आयुर्वेदिक औषधांत शिसं, पारा सापडलाय, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खरंच काही देऊ नकोस. हे सगळं औषधाच्या जोडीला छान चालतं, पण त्रास जास्त असेल तर तेवढ्यावर बरेचदा भागत नाही, आणि तो शाळेतून रोज रडत येत असेल तर प्लीज औषध लांबवू नकोस. बाईंना सांगून पहिल्या बाकावर जागा मागून घे.