वाचकांचे प्रश्न : एक लाइन, दोन कॉम्प्युटर

प्रश्न : मालवणात आमच्याकडे एकच फोन आहे. विंडोज ९८ सेकंड एडिशनच्या कॉम्प्युटरला ५६ के मॉडेम (फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारं यंत्र, वेग सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत) आहे आणि दुसरा कॉम्प्युटर त्याच्यावरूनच इंटरनेट घेतो. पाऊस लागला की कनेक्शन सारखं तुटतं. मॉडेमचा वेग कमी करावा का?

उत्तर : करा, पण योग्य जागी. मॉडेमच्या प्रॉपर्टीजमधला 'मॅक्सिमम स्पीड' हा कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यातला वेग. तो ११५२०० च राहू द्या. कमी करून लाइन सुधारत नाही.

आधी वायर बघा. घरातली सगळी एक्स्टेन्शन काढा, पहिल्या रोझेटला (भिंतीवरच्या फोनच्या डबीला) साधा फोन लावा, एकच आकडा दाबा आणि कान देऊन ऐका. घुंघुं येत असेल तर वायरचं इन्सुलेशन कुठेतरी ओलं झालंय. खरखर असेल तर सांधा गेलाय. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर धरतो. वरून टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, टेपखाली पाणी साचतं. हिरवं टोक कापून टाका, चकचकीत तांबं उघडं करा आणि जेल भरलेला कनेक्टर लावा. घराबाहेरचा दोष मात्र एक्स्चेंजकडे नोंदवा.

मग मॉडेमच्या ॲडव्हान्स्ड भागात 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'मध्ये (इंग्रजी अक्षरांत) एस१०=५० टाका. हा आकडा म्हणजे सिग्नल गेल्यावर थांबायची वेळ, सेकंदाच्या दहाव्या भागांत. क्षणभर सिग्नल गेला की मॉडेम साधारण दीड सेकंदात फोन ठेवतो, आता पाच सेकंद थांबेल. २५५ टाकू नका : लाइन गेली तरी मॉडेम फोन ठेवणार नाही आणि बिल चालू राहील. तरीही तुटलं, तर तिथेच +एमएस=व्ही३४ टाकून लाइनवरचा वेग ३३.६ के वर आणा. ही आज्ञा काही चिपना वेगळी लागते, पुस्तिका बघा. ओल्या लाइनवर ४४ के चा वेग दाखवून दर दहा मिनिटांनी तुटण्यापेक्षा हे कधीही बरं. कॉल वेटिंग बंद करून घ्या. आणि कोणी त्याच लाइनवरचा एक्स्टेन्शनचा रिसीव्हर उचलला, तर यातलं काहीच वाचवणार नाही.

गडगडाट सुरू झाला की फोनची आणि विजेची, दोन्ही पिना काढा. वैशाखातला वळीव आणि परतीचा पाऊस जास्त मॉडेम खातात.

प्रश्न : कोणी वापरत नसताना मॉडेम आपोआप डायल करतो. का?

उत्तर : दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्राम ठरावीक मिनिटांनी टपाल तपासतोय. त्यातली आपोआप तपासायची खूण काढा आणि 'डिस्कनेक्ट इफ आयडल' ५ मिनिटांवर ठेवा. अँटिव्हायरसचं अपडेटही हाताने करा.