ऊन भरपूर, मग पॅनल का थकतं?

प्रश्न: सर, मी मुलुंडला राहतो, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय. माझा मेव्हणा राजस्थानात भडला सोलर पार्कला आहे, तो म्हणतो तिकडे पॅनल लवकर म्हातारी होतात. अहो पण ऊन तर तिकडेच जास्त ना? मग २५ वर्षांच्या वॉरंटीचं काय?

उत्तर: मेव्हणा खरं सांगतोय. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. पाठीमागच्या लेबलवर वॅटचा जो आकडा असतो तो सेल (पॅनलमधला वीज बनवणारा एकेक चौकोन) २५ डिग्रीला ठेवून मोजलेला, आणि भडल्याला उन्हाळ्यात सेल सहज ६५ ला जातो, २५ च्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, करा हिशोब. पण ही घट तात्पुरती, गार झालं की पॅनल पूर्ववत.

झीज वेगळी. दिवसा तापून फुगायचं, रात्री आकसायचं, असं रोज, आणि काच, सेलचं सिलिकॉन, सेल जोडणारी तांब्याची पट्टी हे सगळे सारखे फुगत नाहीत, त्यामुळे सोल्डरचे टाके हळूहळू सुटतात. सेलला धरून ठेवणारं ईव्हीए नावाचं प्लास्टिक कडक उन्हात चहासारखं तपकिरी होतं, ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो प्लेनच्या प्लांटमध्ये हेच झालं होतं, तिथे तर आरसे लावून जास्तीचं ऊन पाडत होते (हौस!).

आणि धूळ. पहाटे दव पडतं, धुळीचा चिखल होतो, ऊन चढलं की तो सिमेंटसारखा काचेला चिकटून बसतो. तो कोरड्या फडक्याने खसाखसा घासला की काचेवरचं कोटिंगच जातं, म्हणजे धूळ परवडली पण सफाई नको. पाणीही कमी, म्हणून तिकडे मऊ ब्रशचे रोबो फिरतात.

तुमच्याकडे चार महिने पाऊस फुकटात धुतो, पण दमट खारी हवा कनेक्टर आणि नटबोल्ट खाते. त्यात मुंबईची कबुतरं! एकाच सेलवर विष्ठा साचली की तो वीज बनवायच्या ऐवजी तापायला लागतो, तिथे काळा डाग पडतो, आणि तो मात्र धुतल्याने जात नाही. पाणी सकाळीच मारा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

२५ वर्षांची वॉरंटी बहुतेक वेळा वीजनिर्मितीची असते, म्हणजे शेवटी ८० टक्क्यांच्या आसपास तरी मिळेल एवढंच. पॅनलच खराब निघालं तर त्याची वॉरंटी वेगळी आणि बऱ्याचदा कमी वर्षांची, ते कोटेशनमध्ये बघा, आणि कबुतरांच्या जाळीचा खर्चही त्यातच धरायला लावा.